हॅलोवीन, माझा गुडघा आणि असोसिएशनचा फॉर्म

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे राहायला आल्यापासून ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या, संध्याकाळी घर माझ्या ताब्यात असतं. मुलगा-सून नातवंडांना घेऊन गल्लीभर हिंडतात आणि सोंगं घेऊन दाराशी येणाऱ्या पोरांना चॉकलेटं द्यायला मी. काम आवडीचं आहे. २०२४ मध्ये मात्र उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आमच्या दाराची रचना अशी की बेल वाजली की खुर्चीतून उठा, आतलं दार उघडा, मग बाहेरचं काचेचं दार ढकला. ते उघडतं बाहेरच्या बाजूला, आणि पायरीवर तर पोरं उभी. ढकललं की पुढचा स्पायडरमॅन मागच्या परीवर कोसळणार. हे संध्याकाळभर कोण करणार?

म्हणून ठरवलं, खाली ड्राइव्हवेत, म्हणजे घरापुढच्या गाडीच्या वाटेवर, फोल्डिंगचं टेबल आणि खुर्ची टाकून बसायचं. सून म्हणाली, "आई, आधी असोसिएशनला विचारू या. मागे कुंड्यांवरून पत्र आलं होतं." आमची घरं एकाला एक लागून, बाहेरचा सगळा कारभार घरमालकांच्या असोसिएशनकडे.

फोन केला. बाई गोड बोलल्या, पोर्टलवर फॉर्म भरा म्हणाल्या. फॉर्म होता घराबाहेर काही उभारायचं असेल त्याचा. लांबी, रुंदी, उंची, रंग, कशाचं बनवलंय. इथपर्यंत ठीक, टेप लावून टेबल मोजलं. पुढे कंत्राटदाराचं नाव आणि त्याचा विमा. फोल्डिंगच्या टेबलाला कंत्राटदार कुठून आणू? रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकेना, लाल चांदणी लुकलुकत राहिली. शेवटी मुलाने कंत्राटदार म्हणून माझंच नाव टाकलं. मग निरोप आला की टेबलाचा फोटो जोडा. जोडला. मग दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची संमती. ती तर त्यांनी हसत हसत दिली. पुन्हा सगळं शांत. मी फोन केला तर म्हणे, तुम्ही घरमालक नाही, तुमच्याशी या विषयावर बोलता येणार नाही. म्हणजे कंत्राटदार म्हणून मी चालते, बोलायला चालत नाही!

मी जिल्हा परिषदेत नोकरी करून निवृत्त झाले. फाइल कशी अडते हे मला कोणी शिकवायला नको. पण तिथे निदान समोर माणूस असतो, त्याच्या टेबलाशी जाऊन उभं राहता येतं. पोर्टलपुढे कुठे उभं राहणार? रोज उघडावं तर तेच, 'विचाराधीन'.

३० तारखेला दुपारी उत्तर आलं. स्वतःच्या ड्राइव्हवेत एका संध्याकाळपुरतं टेबल ठेवायला परवानगी लागत नाही. एवढं वाक्य पहिल्या फोनवर सांगता आलं नसतं? असोसिएशनची नियमावली घरात असतेच, आधी ती चाळा. फॉर्म मागू नका. मागितला की तो भरावाच लागतो.

बाकी संध्याकाळ झकास गेली. हवा अजिबात थंड नव्हती, शाल खुर्चीवरच राहिली. पाऊस महिनाभर नव्हता, सगळीकडे वाळलेला पाचोळा, म्हणून पणत्या बॅटरीच्या लावल्या. पोरांचे झगे जमिनीवर लोळत असतात, खरी ज्योत खाली ठेवूच नये. आणि हो, घरचं काही देऊ नका. माझे बेसनाचे लाडू कितीही चांगले असले तरी आईबाप बंद वेष्टनातलंच ठेवतात, बाकी टाकून देतात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच, तेव्हा स्निकर्स आणि रीसिस ही शेंगदाण्याची चॉकलेटं वेगळ्या टोपलीत. ज्यांना खाऊच चालत नाही त्यांच्यासाठी पेन्सिली, स्टिकर ठेवावेत. तसे ठेवलेत हे कळावं म्हणून दाराशी हिरवट निळा भोपळा मांडतात. शाकाहारी घरातल्या मुलांना स्टारबर्स्टच्या गोळ्या देऊ नका, त्यात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. आमच्या गल्लीत निम्मी पोरं गुजराती नि तेलुगू, त्यांच्या आया आधी वेष्टन वाचतात.

टोपली पुढे करू नका, आपल्या हाताने द्या. उजेडी येणारी बारकी पोरं एक उचलून पळतात, पण अंधारानंतर उंच उंच मुलं येतात, त्यांची मूठ मोठी असते.

त्या वर्षी आणखी एक गंमत होती. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं, इथल्या सूर्यास्ताच्या हिशेबाने आमचं ३१ ऑक्टोबरलाच. पूजा मंडळी परतल्यावर केली. पण इथला रिवाज असा की चॉकलेटं संपली की बाहेरचा दिवा मालवायचा, म्हणजे पोरं पुढच्या घरी जातात. आता लक्ष्मीपूजनाच्या रात्री दाराचा दिवा मालवायचा? माझा हात काही धजला नाही. आकाशकंदीलही झगझगत होता. आरतीतून उठून सुनेने मुलांच्या डब्यासाठी आणलेले ग्रॅनोला बार वाटले. दिवाळी नि हॅलोवीन एकत्र आले तर एक पिशवी जास्तीची आणा. उरलं तर मुलगा ऑफिसात नेतो.