ट्रामच्या डोक्यावरचा दांडा

जुन्या मुंबईचे फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून फिरत येतात, बहुतेक वेळा तेच ते, आणि प्रत्येक वेळी खाली त्याच कमेंट्स: बघा रस्ते किती मोकळे, बघा एकही गाडी नाही, बघा लोक कसे टोप्या घालून. त्यात ट्रामचा फोटो असला की माझी नजर पहिल्यांदा छपरावर जाते. तिथे एक दांडा असतो. तिरका, मागे झुकलेला, टोक वरच्या वायरला टेकलेलं आणि टोकापासून एक दोरी खाली लोंबतेय. अख्ख्या गाडीत हाच एक भाग असा दिसतो की कुणीतरी घाईघाईत, "चला आत्तापुरतं भागवू" म्हणून लावलाय. आणि गंमत म्हणजे गाडी चालायची ती त्याच्याच जिवावर.

विजेची मोटर बनवणं जमलं होतं, गाडीला जोडणंही जमलं होतं, पण चालत्या गाडीत वीज आणायची कुठून हा प्रश्न बरीच वर्षं लोकांना छळत होता. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला सीमेन्सने १८८१ मध्ये विजेची ट्राम चालवली तेव्हा करंट सरळ रुळांतूनच दिला, एक रूळ प्लस एक मायनस. कागदावर झकास. फक्त रस्ता ओलांडताना घोड्याचे पाय दोन्ही रुळांवर पडले की घोडा उधळायचा, त्या बिचाऱ्याला कोण समजावणार. मग काहींनी वीज वर नेली. वर दोन तारा, त्या तारांवरून पळणारा एक छोटा चाकांचा गाडा आणि त्याला केबल लावून खाली ट्राम, म्हणजे ट्राम त्या गाड्याला पतंगाच्या उलट खेचत न्यायची. अमेरिकेत लिओ डाफ्टसारख्या लोकांनी असले गाडे वापरून पाहिले. हे गाडे तारेवरून सटकायचे आणि सटकले की खाली यायचे, कधी ट्रामच्या छपरावर, आणि नशीब वाईट असलं तर कुणाच्या अंगावर.

आता इथे एक साधी अक्कल लागत होती आणि ती सुचायला वेळ लागला. तारेच्या वरून चालायचं कशाला, खालून टेका ना! दांड्याच्या टोकाला खाच असलेलं चाक, बुडाशी स्प्रिंगा, स्प्रिंगा दांड्याला सतत वर ढकलतायत, चाकाच्या खाचेत तार बसलेली. तार थोडी खाली झोळली तर दांडा खाली दबतो, वर गेली तर आपोआप वर जातो. आणि सटकलाच तर? तर तो खाली पडत नाही, वर उडतो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच आवडतं. त्यांनी सटकणं बंद केलं नाही, ते जमण्यातलं नव्हतंच, त्यांनी फक्त सटकल्यावर कुठल्या दिशेला जायचं ते बदललं.

हे कुणी केलं यावर नेहमीप्रमाणे वाद आहेत. चार्ल्स व्हॅन डेपोल नावाचा मूळचा बेल्जियन माणूस होता, डेट्रॉइटमध्ये चर्चसाठी लाकडी कोरीवकाम आणि फर्निचर करायचा आणि विजेचं वेड होतं. त्याने १८८५ ला टोरोंटोच्या प्रदर्शनात खालून टेकणाऱ्या दांड्याची गाडी चालवून दाखवली. पण नाव झालं फ्रँक स्प्रेगचं. हा नेव्हीतून आलेला, काही काळ एडिसनकडे काम केलेला, वय तिशीच्या आसपास. त्याने १८८७ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराचं कंत्राट घेतलं: बारा मैल रूळ, चाळीस गाड्या, नव्वद दिवसांत, आणि पैसे काम पसंत पडलं तर. असलं कंत्राट शहाण्या माणसाने घेऊ नये. वरून रिचमंड डोंगराळ, काही चढ इतके की शंभर फुटांवर दहा फूट वर. त्यात मधेच स्प्रेगला टायफॉइड झाला.

त्या चढांवरचा एक किस्सा त्याने स्वतःच नंतर सांगितलाय. रात्री टेस्टसाठी गाडी चढावर नेली, गेली कशीबशी वर, आणि मोटर बसली. भोवती गर्दी जमलेली. याने सहकाऱ्याला मोठ्याने सांगितलं की सर्किटमध्ये जरा बिघाड दिसतोय, जा आणि इन्स्ट्रुमेंट्स घेऊन ये, आणि स्वतः गाडीत सीटवर आडवा झाला, लोक कंटाळून घरी जाईपर्यंत. मग अंधारात इन्स्ट्रुमेंट्स आली. चार दणकट खेचरं. त्यांनी विजेची ट्राम ओढून नेली. ज्या जनावरांची सुट्टी करायला हा निघाला होता त्यांनीच त्या रात्री त्याची अब्रू वाचवली, आणि हे तो पुढे न लाजता सांगायचा म्हणून मला तो आवडतो.

दांड्याचंही तसंच. एकदम फायनल डिझाइन आलं असं नाही, चाकं बदल, बूड बदल, कधी नुसतंच वर-खाली हलणारं तर कधी फिरणारं, असे पन्नासेक प्रकार झाल्यावर चारी बाजूंना वळू शकणारा दांडा जमला असं स्प्रेग म्हणतो. २ फेब्रुवारी १८८८ ला रिचमंडची सेवा रीतसर सुरू झाली. त्याच उन्हाळ्यात बोस्टनच्या ट्रामकंपनीचा हेन्री व्हिटनी बघायला आला, त्याची शंका अशी की एकाच ठिकाणी गाड्या अडकून राहिल्या आणि सगळ्या एकदम सुटल्या तर वीज पुरेल का. स्प्रेगने रात्री बावीस गाड्या एकामागे एक लावल्या आणि एकापाठोपाठ सोडल्या. दिवे मंद झाले, व्होल्टेज पार खाली आलं, पण गाड्या निघाल्या. बोस्टनने विजेचा निर्णय घेतला आणि मग जी रांग लागली ती लागलीच. स्प्रेगला मात्र रिचमंडच्या कामात तोटाच झाला.

आता दोरीकडे येते, कारण माझा खरा जीव दोरीत अडकलाय. दांडा सटकून वर उडतो हे खालच्या लोकांसाठी बरं, पण वरच्या तारांसाठी नाही, गाडी पळतेय आणि दांडा सरळ उभा राहून आडव्या तारांना फटके मारतोय म्हणजे सगळं जाळं खाली. म्हणून दोरीचं दुसरं टोक गाडीच्या मागच्या बाजूला एका गोल डबीत गुंडाळलेलं असायचं. दोरी हळू हलली तर डबी काही करत नाही, झटका बसला की आत खटका पडतो आणि दोरी अडकते, गाडीतल्या सीटबेल्टचं तत्त्व म्हणा ना. त्याहून हुशार डबीत जोरदार स्प्रिंग असायची, ती दांड्याला थेट खाली खेचून घ्यायची. म्हणजे चूक होणार हे धरून चाललेले, चूक झाल्यावरच्या अर्ध्या सेकंदाची सोय केलेली. आणि मग उरलेली सोय म्हणजे कंडक्टर. गाडीतले दिवे गेले, गाडी थांबली, हा माणूस खाली उतरणार, मागे जाणार, दोरी धरून मान वर करून ते चाक पुन्हा तारेला लावणार. लहानपणी आमच्याकडे वर छताजवळ बांबूची दांडी होती आणि आई काठीने नऊवारी तिच्यावर टाकायची, बघताना वाटायचं काय त्यात, आणि स्वतः केलं की लुगडं तोंडावर. दांडा लावणं अगदी त्यातलं काम. रात्री, पावसात, मागे सायकलवाले आणि टांगेवाले ओरडतायत आणि वर तारेत पाचशे-सहाशे व्होल्ट.

सटकायचा कुठे तर जिथे रस्ते फुटतात तिथे जास्त. खाली रूळ वळले की गाडीला त्या रुळांवरून जावंच लागतं. वर तारेच्या फाट्यावर मात्र हलणारं काही नसतं, एक धातूची पट्टी असते आणि गाडी ज्या बाजूला ओढेल त्या बाजूची तार चाकाने पकडावी अशी अपेक्षा असते. अपेक्षा. वेग जास्त झाला की गाडी डावीकडे आणि दांडा उजवीकडे असं व्हायचं. दांडा नेहमी मागे झुकलेलाच हवा, हाही एक नियम, उलट्या दिशेने नेला तर कुठेतरी तारेत रुतून मोडणार. म्हणून शेवटच्या स्टॉपवर गाडी वळवायला जागा नसेल तर दांडा वळवायचा: कंडक्टर दोरी धरून गाडीभोवती अर्धी प्रदक्षिणा घालणार, तेवढा वेळ गाडी अंधारात.

मुंबईत विजेची ट्राम आली ७ मे १९०७ ला, त्याआधी १८७४ पासून घोड्यांची होती. मद्रास आपल्याआधी, १८९५ ला, तिथे पहिल्यांदा तार जमिनीखाली नाळीत घातली होती, शहराच्या आकाशात तारा नकोत म्हणून. मद्रासच्या पावसात नाळ! पुढे त्यांनाही वर यावं लागलं. माझे आजोबा गिरगावात वाढलेले आणि ट्राम म्हटलं की त्यांना ना डबलडेकर आठवायची ना एक आण्याचं तिकीट, त्यांना आठवायची दोरी. "मागनं धावत जायचं, हिसका द्यायचा आणि गल्लीत पळायचं," असं ते सांगायचे आणि आजी दर वेळी "शोभतं का ह्या वयात" म्हणायची, जणू ते अजून ओढतायत. जगभर जिथे जिथे दोरी होती तिथे तिथे पोरांनी ती ओढलेली आहे, याला कुठल्याही शहराची कंपनी अपवाद नसावी. माझा त्यांना प्रश्न असायचा, कंडक्टर पकडायचा नाही का? ते म्हणायचे, "तो आधी दांडा लावणार की आम्हाला पकडणार?" यात किती इंजिनियरिंग आहे बघा, गुन्हेगाराला पळायला पुरेल एवढाच वेळ त्या कामाला लागायचा.

३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. दादर टीटी मात्र राहिलं, तिथे राहणाऱ्या कितीतरी जणांना ते टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे माहीत नसतं आणि त्यांचं काही अडतही नाही. मधल्या काळात ट्रॉलीबसही आली होती, १९६२ ला, गोवालिया टँक ते माझगाव डॉक. रबराची चाकं म्हणजे वीज परत जायला रूळ नाही, म्हणून दोन तारा आणि दोन दांडे, म्हणजे सटकायचे चान्स डबल. ती १९७१ ला बंद पडली. दोन दांड्यांवरून आठवलं, अमेरिकेत सिनसिनाटीला ट्रामलाही दोन दांडे होते, रूळ असूनही, कारण परतीची वीज जमिनीतून गेली की टेलिफोनमध्ये गुणगुण येते अशी टेलिफोनवाल्यांची तक्रार होती. एका धंद्याच्या कानात दुसऱ्या धंद्याचा आवाज जातोय म्हणून अख्ख्या शहरात डबल तारा.

प्रत्यक्ष दांडा बदलताना मी बघितला तो न्यू ऑर्लिन्सला. तिथल्या सेंट चार्ल्स लाइनवर १९२३-२४ च्या हिरव्या गाड्या अजून रोज धावतात, टुरिस्टांसाठी म्हणून नाही, लोक त्याने कामावर जातात. नवरा जॅझ ऐकायला आलेला, मी शेवटच्या स्टॉपवर उतरून छपराकडे बघत उभी. गाडीला दोन्ही टोकांना एकेक दांडा. ड्रायव्हरबाईंनी एका टोकाचा दोरीने खाली ओढून हुकात अडकवला, दुसऱ्या टोकाला जाऊन तिथला सोडला, एका झटक्यात टोक वायरला लागलं, वर बघितलं न बघितल्यासारखं. मग आत जाऊन लाकडी सीटच्या पाठी खाडखाड उलट्या केल्या, पुढचं मागे झालं, आणि निघाल्या. मी व्हिडिओ काढायला फोन उघडेपर्यंत संपलं होतं. पुन्हा बघायला पुढच्या गाडीपर्यंत थांबले. नवऱ्याचं म्हणणं, यात काय बघायचंय. काय सांगणार.

दांड्याचं राज्य तसं लवकरच डळमळलं. जर्मनीत सीमेन्सच्या कंपनीने धनुष्यासारखी कमान आणली, तिला रुंदी असल्यामुळे तार इकडेतिकडे झाली तरी चालतं आणि फाट्यावर निवड करायची वेळच येत नाही. मग पॅंटोग्राफ, जो आपण लोकलच्या डोक्यावर रोज बघतो. एक मजा बघा, दांड्यासाठी तार रुळांच्या मधोमध ठेवायची आणि वळणावर जागोजागी ओढून धरायची धडपड असते, आणि पॅंटोग्राफसाठी सरळ रुळांवरही तार मुद्दाम नागमोडी लावतात, नाहीतर वरची पट्टी एकाच जागी घासून तिथेच खाच पडेल. म्हणजे दांड्याला खाच हवीच होती आणि पॅंटोग्राफला ती नकोच. पॅंटोग्राफ सटकत नाही हे खरं. पण तो कधी वायरीत अडकला तर काय होतं हे लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको, मग लोक रुळांवरून चालत निघतात आणि वायर दुरुस्तीची गाडी येईपर्यंत सगळं ठप्प. दांडा महिन्यातून बऱ्याचदा सटकायचा आणि एक माणूस दोरीने अर्ध्या मिनिटात लावायचा. मी दांड्याच्या बाजूची. हे मत घेऊन कुठल्याही रेल्वेने मला नोकरी देऊ नये हेही मान्य.

टोरोंटोने तर नव्या ट्राम घेतल्या तेव्हा एकाच छपरावर दोन्ही बसवून घेतलं, दांडाही आणि पॅंटोग्राफही, आणि २०१७ पासून एकेक लाइन पॅंटोग्राफवर नेत गेले. फिलाडेल्फियात अजून दांडेवाल्या ट्राम चालू आहेत, टोकाला चाकाऐवजी आता तारेखालून घसरत जाणारा खाचेचा तुकडा असतो, पण दोरी आहे. तिथेही नव्या गाड्यांची ऑर्डर गेलीये आणि त्यांना पॅंटोग्राफ असणार. माझी मावसबहीण तिथे जवळच राहते, तिला विचारलं तर म्हणाली, दांडा? कुठला दांडा? मी तर रोज जाते. पुढच्या वर्षी जायचं चाललंय, तिला घेऊन मागच्या खिडकीशी बसणार, कारण दोरी तिथूनच दिसते, आणि तिच्या दोन्ही मुलांना आजोबांची गोष्ट सांगायची की नाही हे अजून ठरलेलं नाही.