स्नायपरच्या कादंबऱ्या आणि कोकणातली हवा

स्नायपरच्या थ्रिलरमध्ये बंदुकीचं नाव सहसा चुकत नाही. मॉडेल, कॅलिबर, दुर्बिणीची बनावट हे सगळं लेखक शोधून लिहितो. घोळ होतो तो गोळी नळीबाहेर पडल्यावर. कथानक मालवण-गुहागरकडे आलं की तो आणखी वाढतो, कारण इथली हवा लेखकाने सुट्टीपुरती अनुभवलेली असते.

दमट, जड हवेने गोळी खाली ओढली, हे लेखकांचं लाडकं वाक्य. दमट हवा जड नसतेच. पाण्याच्या वाफेचा रेणुभार १८, कोरड्या हवेचा सरासरी २९. तापमान आणि दाब तेवढाच असेल तर बाष्प वाढल्यावर हवा उलट किंचित विरळ होते. ती आपल्याला जड वाटते, कारण घाम वाळत नाही. गोळीला खरा फरक पडतो उंचीने आणि तापमानाने. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. तिथे तयार केलेला ड्रॉपचा, म्हणजे कोणत्या अंतरावर गोळी किती खाली येते याचा, तक्ता घेऊन दापोलीच्या किनाऱ्यावर ८०० मीटरचा नेम धरला, तर गोळी अपेक्षेपेक्षा खाली लागेल. हा तपशील कथेत किती छान वापरता आला असता!

वाऱ्याचं प्रकरण याहून मोठं आहे. दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे, आणि दिशा पालटताना मध्ये वारा पडतो. ७.६२ × ५१ या रायफलीच्या काडतुसातली १७५ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅम) गोळी ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ६०० मीटरवर साधारण मीटरभर बाजूला जाते. म्हणजे माणूस सोडाच, त्याच्या शेजारचाही चुकेल. शिवाय वाटेत वारा एकसारखा नसतो. नेमबाज सुरूच्या बनात आडोशाला, पुढे खाडीवर मोकळा वारा, पलीकडे माडांची वाडी. माडाच्या झावळ्या बारा-पंधरा मीटरवरचा वारा दाखवतात, गोळी मात्र बऱ्याचदा त्याच्या खालून जाते. नळीजवळचा वारा लक्ष्याजवळच्या वाऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाचा, कारण सुरुवातीला मिळालेली बाजूची गती पुढे सगळ्या अंतरभर गोळीसोबत राहते. एप्रिलच्या उन्हात कातळसड्यावर दुर्बिणीतून तापलेल्या हवेची जी लाट थरथरताना दिसते, तिच्या झुकण्यावरून जाणकार वारा वाचतात. हे लिहायचं सोडून लेखक बोट ओलं करून हवेत धरतो.

पृथ्वीच्या फिरण्यावर मात्र अर्धं पान जातं. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे १७ अंशांवर, १,००० मीटरला त्याचा आडवा परिणाम तीन-चार सेंटिमीटर. त्याच अंतरावर, रायफल १०० मीटरला झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या जागी लागेल अशी दुर्बीण जुळवलेली असेल तर, गुरुत्वाकर्षणाने ही गोळी बारा मीटरच्या आसपास खाली येते, म्हणजे चार मजले. कड्यावरून खाली मारण्याचंही असंच. वर मारा किंवा खाली, हिशेबात धरायचं ते आडवं अंतर, त्यामुळे कोन विसरला तर दोन्ही वेळा गोळी वर लागते. पण शंभर मीटर उंच कड्यावरून ६०० मीटरवर मारताना आडवं अंतर ५९२ मीटर भरतं. एवढ्यासाठी नायकाच्या कपाळाला घाम नको.

आणि होडीवरून नेम? डोलणाऱ्या ट्रॉलरवर नळी एक अंश हलली की ६०० मीटरवर गोळी साडेदहा मीटर चुकते. असा प्रसंग आला की मी पुस्तक सरळ मिटून ठेवतो.

आवाजाकडे येऊ. तीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. ६०० मीटरवर गोळी एका सेकंदाच्या आत पोचते, रायफलीचा आवाज पाऊण सेकंदाने मागून येतो. म्हणून आवाज ऐकून माणूस खाली वाकला, हे शक्य नाही. सायलेन्सर नळीच्या तोंडचा स्फोट दाबतो. ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतला कडाका तसाच राहतो. तोही नको तर ध्वनीपेक्षा मंद गोळीचं काडतूस लागतं, आणि त्या गोळीला ३०० मीटर गाठायलाच जवळजवळ सेकंद लागतो. तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली साडेचार मीटरच्या आसपास येते. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणाऱ्यांनी सिलिंडर आणि नळीमधली फट पाहावी, आवाज तिथूनही निसटतो. ती फट बंद होण्याची सोय केलेलं रशियन नागांत रिव्हॉल्व्हर हा अपवाद.

पोलिसांना लॉजच्या गच्चीवर काडतुसाची रिकामी पुंगळी सापडते, हीसुद्धा ठरलेली गोष्ट. बोल्ट अॅक्शन रायफलीतून (हिचा बोल्ट प्रत्येक गोळीनंतर हाताने ओढावा लागतो) एकच गोळी झाडली आणि बोल्ट ओढला नाही, तर पुंगळी चेंबरमध्येच राहते. ती गच्चीवर हवी असेल तर मारेकऱ्याने दुसऱ्या गोळीची तयारी केली होती असं लिहा, त्यातून तपासाला धागाही मिळेल. ड्रॅगुनोव्ह ही रशियन स्नायपर रायफल अर्धस्वयंचलित, ती पुंगळी स्वतःच काही मीटर लांब भिरकावते. गावातल्या बागायतदाराकडे परवान्याची .३०३ रायफल दाखवू नका. आपल्याकडे तो प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. त्याच्याकडे .३१५ शोभेल, आणि तिने हजार मीटरचे चमत्कार करू नयेत.

एक गोष्ट मात्र या कादंबऱ्यांतून कायम गायब असते, ती म्हणजे गंज. पावसाळाभर पडवीच्या माळ्यावर गोणपाटात ठेवलेली रायफल गणपतीनंतर काढून थेट वापरणारा खलनायक मला पटत नाही. गोणपाट ओल धरतं, खाऱ्या हवेने नळीत डाग पडतात, दुर्बिणीच्या काचेवर बुरशी चढते. तेल भरून ठेवली असेल तर ते नळीतून पुसून काढावं लागतं, नाहीतर पहिली गोळी इतरांपेक्षा वेगळीकडे जाते. आणि दुर्बीण सोडवून पुन्हा बसवली असेल तर कागदावर चार-पाच गोळ्या मारून झिरो तपासल्याशिवाय ती रायफल कामाची नाही. हा आवाज कुठे करायचा, ते लेखकाने ठरवायचं.