शिळा पाव आणि बिघडलेला पाव

कोपरीला आमचे घर ठाण्याच्या खाडीपासून फार दूर नाही. त्यामुळे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात आणि सकाळी आणलेली लादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकली तरी नशीब म्हणायचे. अशा हवेत पाव फ्रिजमध्ये ठेवावा की बाहेर, यावर सासूबाईंचे आणि माझे बरीच वर्षे एकमत नव्हते. फ्रिजमध्ये बुरशी लवकर धरत नाही, असे त्यांचे म्हणणे. तिथे पाव दगडासारखा होतो, असे माझे. दोघींचेही खरे होते, फक्त त्या बिघाडाबद्दल बोलत होत्या आणि मी शिळेपणाबद्दल.

पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो आणि थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा कडक रचनेत बसू लागतो. फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते, म्हणून पिशवी घट्ट बांधूनही पाव कडक होतोच. मात्र असा पाव बिघडलेला नसतो; तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवले की तो पुन्हा मऊ होतो आणि तेवढ्यापुरता छान लागतो. फ्रीझरमध्ये बुरशीची वाढही थांबते आणि हे कडक होणेही जवळजवळ थांबते. म्हणून आता जास्तीची लादी आणल्या दिवशीच, पूर्ण गार झाल्यावर, सुटी करून मी फ्रीझरमध्ये टाकते. गरम पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला तर आतून पाण्याचे थेंब साचतात, आणि बुरशीला तेवढा ओलावा पुरतो.

बुरशी दिसली की पाव टाकावा, तेवढा भाग कापून उरलेला खाऊ नये, कारण सच्छिद्र पावात तिचे तंतू दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे पसरलेले असतात. भाजून बुरशी मरेल, पण तिने विष तयार केले असेल तर ते उष्णतेने नष्ट होईलच असे नाही. नाक लावून वास घेण्याची सवयही मी सोडली, कारण बीजाणू श्वासावाटे आत जातात.

डागाशिवायचा बिघाड मात्र मी एकदाच पाहिला. वैशाखातल्या एका सकाळी आदल्या दिवशीचा पाव मोडला, तर आतला भाग चिकट, किंचित पिवळसर आणि दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. वास अतिपिकलेल्या अननसाचा. वरून पाव अगदी निर्दोष होता. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, याला तार सुटलीये." आंबलेल्या भाजीसाठी वापरायचा हा शब्द पावालाही चपखल बसला. पिठातून येणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू भट्टीतही तग धरतात, कारण पावाच्या गाभ्याचे तापमान शंभर अंशांवर जात नाही. पुढे उकाड्यात ते वाढतात आणि तार सुटते.

त्या दिवशी उरलेली सगळी लादी कचऱ्यात गेली, आणि डबा गरम पाण्याने व व्हिनेगरने धुऊन उन्हात ठेवला.