खडूतला ठसा

"ताई, तिला रागावू नका. आधी हे बघा." सरांनी लेकीच्या हातातला गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, माझ्यापुढे धरला. त्याच्या तोंडावर चोळलेल्या खडूत चेंडूचा गोल ठसा होता, मधोमध नाही, बोटभर दांड्याच्या बाजूला.

बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातलं गोल्फचं मैदान, सकाळचे सात. चेंडू उजवीकडे गेला की मी वर्षभर एकच म्हणत आले, "मान खाली, लक्ष दे!"

सर आधी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. म्हणाले, क्लब आणि चेंडूची भेट जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात क्लबचं तोंड जिकडे, चेंडू बहुतांशी तिकडेच सुटतो. स्विंगची, म्हणजे क्लब फिरवण्याची, दिशा वेगळी असेल तर पुढे हवेत वळतो. पूर्वी बरेच जण नेमकं उलटं शिकवायचे, रडारवर मोजल्यावर ते चुकीचं ठरलं.

मानेबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. फक्त क्लबचं तोंड सरळ यावं म्हणून तिच्या डाव्या हाताची पकड किंचित फिरवली. पुढचा चेंडू बराचसा सरळ गेला.

घरी येताना स्कूटरवर मागून आवाज आला, "म्हणजे आई, मी लक्ष देत होते ना?"

सकाळपासून तेच कानात घुमतंय. तिच्या गणिताच्या वहीवरही मी हेच ऐकवत आलेय, "लक्ष नाही तुझं." तिथला ठसा मी कधी बघितलाय का?