काही वेळाने म्हणजे किती

भाची नववीत आहे. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन, मावशी, काही वेळाने म्हणजे किती वेळाने? मला आधी वाटलं कुणाच्या तरी मेसेजचा अर्थ विचारतेय, या वयात तेच असतं. तर नाही, प्रश्न सायन्सच्या जर्नलचा होता. मोरचूदाच्या (म्हणजे कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळे सोडायचे आणि "काही वेळाने" द्रावण फिकट हिरवं होतं, खिळ्यावर तांबूस थर येतो. यांनी खिळे पॉलिश पेपरने घासले, सोडले, थर आला सुद्धा पाचेक मिनिटांत, पण द्रावण पिरियड संपेपर्यंत निळंच. बेल झाली. आता निरीक्षणाच्या रकान्यात काय लिहू? लगेच दुसरा प्रश्न, की सगळ्यांनी हिरवं लिहिलंय, मी पण लिहू का?

मी म्हटलं, किती द्रावण घेतलं होतं? बीकरभर. आणि खिळे? तीन, बारके. अगं मग कसं होणार लगेच, एवढं सगळं तांबं त्या तीन खिळ्यांवर येऊन बसायला वेळ नको का, आणि एकदा खिळ्यावर थर बसला की आतलं लोखंड झाकलं जातं, मग काम आणखीनच हळू होतं. परीक्षानळीत थोडंसं घेतलं असतं तर अर्ध्या-पाऊण तासात रंग उतरलेला दिसला असता कदाचित. तर ती म्हणाली, हो पण पुस्तकात हे कुठे दिलंय, पुस्तकात फक्त काही वेळाने.

फोन ठेवल्यावर ते दोन शब्द डोक्यात बसले. कारण खरं सांगायचं तर शाळेतल्या प्रयोगांचं मला जे काही आठवतं ते सगळं त्या "काही वेळा"तलंच आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या पाच मथळ्यांखाली जे लिहिलं ते परीक्षा झाल्यावर पुसलं गेलं. उरलं ते मधलं ताटकळणं.

पानातल्या स्टार्चचा प्रयोग घ्या. वहीत हा प्रयोग सात-आठ ओळींचा आहे. प्रत्यक्षात कुंडी आधी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानात साठलेला स्टार्च वापरून संपतो, मग पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून उन्हात ठेवायची, मग ते पान पाण्यात उकळायचं, मग अल्कोहोलमध्ये, आणि अल्कोहोल थेट बर्नरवर नाही, ते पेट घेतं, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यात परीक्षानळी धरून बसायचं. आमच्या लॅबमधले मामा त्या वेळेला अगदी मागे उभे राहायचे, हात बांधून, काही बोलायचे नाहीत पण कुणी नळी बर्नरकडे नेली की खाकरायचे. आणि मग तो हिरवा रंग सुटायला लागायचा, पान हळूहळू पांढरट, कागदासारखं व्हायचं. ते बघताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की हिरवेपणा ही पानातली एक वेगळी वस्तू आहे, बाहेर काढता येते. हे बाईंनी सांगितलेलं नव्हतं, निदान मी ऐकलेलं नव्हतं. शेवटी आयोडीनने पान निळं-काळं होतं आणि पट्टीखालचा भाग तसाच राहतो, तो म्हणे मुख्य भाग. असेल. मला ते पांढरं पान आठवतं आणि मामांचं खाकरणं.

लंबकाच्या प्रयोगात वाट बघणं मोजायचंच असतं. दोरा एक मीटर, खाली गोळा, सोडला, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि विसाने भागायचं. एका आंदोलनाचा का नाही घ्यायचा? कारण स्टॉपवॉच दाबायला आपला हात उशीर करतो, तो उशीर वीस जणांत वाटला की कमी टोचतो. हे सरांनी इतकं छान सांगितलं होतं की आम्ही अगदी मन लावून मोजलं, आणि आमच्या ग्रुपचं जी म्हणजे गुरुत्व त्वरण आलं १०.९. पुस्तकात ९.८. पुन्हा केलं, पुन्हा १०.९ च्या आसपासच. गोळा बदलला (त्याने काही फरक पडत नाही हे नुकतंच शिकलो होतो तरी बदलला). दोरा परत मोजला. शेवटी सर येऊन शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, मोठ्याने मोजा. आम्ही गोळा सोडला आणि मोठ्याने म्हटलं, एक. सर हसले. सोडताना शून्य म्हणायचं असतं, एक म्हटलं तर विसाव्या आकड्याला आंदोलनं एकोणीसच झालेली असतात, वेळ पाच टक्क्यांनी कमी, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असतो म्हणून जी दहा टक्क्यांच्याही वर जातं. त्यानंतर आयुष्यात मी काहीही मोजताना शून्यापासून मोजलंय. शेजारच्या ग्रुपचं एका फटक्यात ९.८१ आलं होतं, पण त्यांनी दोरा टेबलावरून उचललाच नव्हता, उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग काढली होती. त्यांना मार्क जास्त मिळाले, तेही सांगून टाकते, अजून जरा दुखतं.

टायट्रेशनचं, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून सोडत रंग नेमका कधी बदलतो ते बघण्याचं, दुखणं वेगळं. तिथे घाई नडते. ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मोजनळीतून, थेंब थेंब सोडत बसा, गुलाबी येतो, फ्लास्क हलवला की जातो, येतो, जातो, कंटाळून तोटी जरा जास्त फिरवली की झालं, गडद गुलाबी, सगळं ओता आणि पहिल्यापासून.

वाट बघण्याचा सगळ्यात थोर प्रयोग ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात आहे, आणि तो मुळात विद्यार्थ्यांना दाखवायलाच मांडलेला होता म्हणून मला तो फार आवडतो. थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये डांबराच्या जातीचा एक पदार्थ गरम करून बंद तोंडाच्या नरसाळ्यात ओतला. हातोडी मारली तर काचेसारखा फुटणारा पदार्थ, पण खरं तर तो वाहतो हे मुलांना दाखवायचं होतं. तीन वर्षं तो नीट बसू दिला. १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं आणि "काही वेळाने" म्हणजे १९३८ मध्ये पहिला थेंब पडला. मुलं तोपर्यंत कधीच पास होऊन गेली असतील. पुढे जॉन मेनस्टोन यांनी १९६१ पासून तो प्रयोग सांभाळला. १९८८ मध्ये थेंब पडायला आला होता, हे काहीतरी प्यायला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेले, तेवढ्यात पडला. २००० मध्ये कॅमेरा लावून ठेवला, नेमका कॅमेरा बिघडला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले आणि नववा थेंब पडला २०१४ च्या एप्रिलमध्ये. पन्नासहून जास्त वर्षं सांभाळून एकही थेंब पडताना बघायला मिळाला नाही. मी हे वाचलं तेव्हा आधी हसले आणि मग हसू आवरलं, कारण वाईटच वाटलं.

तर हे लॅबचं. सहलींचं पण मला तसंच वाटतं. शैक्षणिक सहल म्हटलं की यादी असते, सकाळी म्युझियम, दुपारी कारखाना, संध्याकाळी परत, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, उतरताना मोजणी, चढताना मोजणी, एक कुणीतरी कायम टॉयलेटमध्ये. म्युझियममध्ये हातात वर्कशीट असलं की मुलं वस्तू बघतच नाहीत, खालची पाटी बघतात, उत्तर पाटीवर असतं ना. कारखान्यात मशीनच्या आवाजात माहिती सांगणाऱ्यांचे फक्त ओठ हलताना दिसतात. तिथलं लक्षात काय राहतं तर आत शिरल्याबरोबर अंगावर आलेली गरम हवा आणि तेलाचा वास, आणि तेही काही कमी नाही म्हणा, कारण पुस्तकातल्या कारखान्याला वास नसतो.

पण एकदा आम्हाला एका टेकडीवर नेलं होतं आणि बाईंनी चार खुंट्या, सुतळी आणि चार-चार जणांना एक तुकडा जमीन दिली. एक मीटर बाय एक मीटर चौकोन करा आणि अर्धा तास त्याच्याजवळून हलायचं नाही, आत काय काय आहे ते लिहा. आम्ही दोन मिनिटांत लिहिलं: गवत, दगड, माती. झालं की. बाई म्हणाल्या, अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत.

पहिली दहा मिनिटं आम्ही गप्पा मारल्या. मग गप्पा संपल्या. मग कुणीतरी म्हणालं की हे गवत दोन प्रकारचं आहे, एकाचं पातं घडी घातल्यासारखं आहे. मग तिसरं सापडलं. मग मुंग्या दिसल्या आणि त्या एकाच वाटेने जातायत आणि मधल्या दगडाला वळसा घालतायत हे दिसलं, मग दगड उचलला (उचलायचा नव्हता) तर खाली ओल आणि किड्यांची पळापळ, परत ठेवला. एक कोळी आधीपासून तिथेच होता, आम्ही त्याच्या अगदी नाकासमोर बसून सिनेमाबद्दल बोलत होतो इतका वेळ. अर्धा तास संपला तेव्हा यादी सतराची झाली होती आणि बाईंनी उठा म्हटल्यावर आम्हीच म्हटलं, थांबा ना पाच मिनिटं. असं शाळेत मी आणखी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

आकाशदर्शनाला तर वाट बघण्याला शास्त्रच आहे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कुणीतरी एकाने मोबाईल उघडला की ती सगळी मेहनत पाण्यात, परत पहिल्यापासून. म्हणून टॉर्चला लाल कागद लावतात, लाल उजेडाने त्यातल्या त्यात कमी नुकसान होतं. दुर्बिणीपुढे रांग, प्रत्येकाला अर्धा मिनिट, माझा नंबर आला तेव्हा शनी दिसला, कड्यासकट, इतका नीटनेटका की मला वाटलं काचेवर कुणी स्टिकर लावलाय. मी डोळा काढून पुढून काच बघायला गेले तर सर ओरडले. गॅलिलिओने १६१० मध्ये शनी पाहिला तेव्हा त्याला ते कडं वाटलंच नव्हतं, शेजारी दोन गोळे चिकटलेत असं त्याला दिसलं. ते कडं आहे हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने छापून सांगेपर्यंत १६५९ उजाडलं. माझ्या अर्ध्या मिनिटात मी निदान संशय तरी घेतला.

आता सगळं व्हिडिओवर मिळतं आणि मी पण बघते, मला आवडतात. कळी दहा सेकंदांत उमलते, स्फटिक वीस सेकंदांत वाढतो. फक्त मधलं कापलेलं असतं, आणि मुलांना वाटतं हे असंच होतं, मग स्वतः दोऱ्याला खडा बांधून द्रावणात सोडला की दुसऱ्या दिवशी विचारतात, बिघडलं का? बिघडलं नाही रे, वाढतंय.

शिक्षकांना नावं ठेवायचा मात्र मला धीर होत नाही. पस्तीस मिनिटांचा पिरियड, त्यातली पाच हजेरीत, पाच सामान वाटण्यात, पाच आवरण्यात, वर्गात पन्नास मुलं आणि ब्युरेट सहा. सहलीला पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, बसमध्ये उलटी होणारी मुलं पुढे बसवणं, आणि काही झालं तर जबाबदारी त्यांच्या गळ्यात. एवढ्यात "काही वेळ" आणायचा कुठून? कुणीतरी अर्धा तास नुसतं गवताजवळ बसवतं ते पदरचं काहीतरी मोडून बसवत असणार, हे मला आत्ता कळतं, तेव्हा बाई सावलीत टेकल्या होत्या म्हणून आम्हाला वाटलेलं की त्यांना कंटाळा आलाय.

तर भाचीला मी शुक्रवारी सांगितलं, जे दिसलं ते लिही, वेळ पण लिही. तिने लिहिलं: तीस मिनिटांनंतर द्रावण निळेच होते. आणि त्यांच्या लॅबमधल्या काकांना सांगून बीकर खिडकीत ठेवून आली होती, वर नावाची चिठ्ठी, ओतू नये. शनिवारी सकाळी बघितलं तर निळा जरा उतरल्यासारखा वाटत होता, पण वाटत होता की खरंच उतरला होता यावरून तिचं आणि मैत्रिणीचं भांडण. सोमवारी शाळा उघडल्या उघडल्या पळत गेली. तर द्रावण ना निळं ना हिरवं, गढूळ पिवळट, आणि तळाशी तांबूस गाळ. मला फोटो पाठवला, मावशी हे काय आहे? मी जरा शोधाशोध केली, मग सांगितलं, द्रावणात उतरलेल्या लोखंडावर हवेतल्या ऑक्सिजनने काम सुरू केलं की ते असं गंजाच्या रंगाकडे जातं, बीकर उघडाच होता ना.

मग हिरवं कधी झालं, असं तिने विचारलं. आम्ही दोघींनी हिशोब केला. मधेच कधीतरी, बहुतेक रविवारी, शाळेला कुलूप असताना.