तुम्ही विचारलंत म्हणून : हे जर्मन कागद कशाला?

हा प्रश्न मला दोन तऱ्हांनी विचारला जातो. पुण्याहून आलेले पाहुणे माझी फाइल चाळतात आणि म्हणतात, "खुद्द हिटलरच्या सैनिकांचे कागद! काय शिस्त होती हो त्या लोकांची. कुठे मिळतं हे सगळं?" इथले जर्मन शेजारी तीच फाइल बघून आधी गप्प होतात आणि मग जपून विचारतात, "पण तुम्ही हे का जमवता?" शेजाऱ्यांना उत्तर देणं सोपं आहे. पाहुण्यांना देताना माझी दमछाक होते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी म्युनिकजवळ राहते, पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. हेल्मेटं, खंजीर, पदकं यांतलं माझ्याकडे काहीही नाही. माझा जीव कागदांत, आणि त्यातही झोल्डबुखात. झोल्डबुख म्हणजे जर्मन सैनिकाची पगारपुस्तिका, आणि तेच त्याचं ओळखपत्रही. डगल्याच्या खिशात मावणारं आणि सतत अंगावर बाळगायचं. वेरपास, म्हणजे लष्करी सेवेच्या नोंदींची पुस्तिका, वेगळा. १९३५ साली सक्तीची लष्करभरती पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून तपासणीला गेलेल्या तरुणाला तो मिळे. त्यात बहुधा कोटटाय घातलेला फोटो असतो. पोरगा पलटणीत रुजू झाला की वेरपास कंपनीच्या कचेरीत जमा व्हायचा आणि त्याच्या हातात झोल्डबुख यायचं. तो मेला तर वेरपास घरच्यांकडे पाठवत. त्यामुळे वेरपास अजूनही कुणाच्या आजीच्या कपाटातून निघतात. झोल्डबुखांचं मात्र सांगता येत नाही. कैद्याच्या खिशातून काढून अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेलेलीही पुष्कळ आहेत.

इथल्या जुन्या बाजारात ती मिळतात. मुखपृष्ठावरच्या गरुडाच्या पायातल्या स्वस्तिकावर विक्रेत्यानं कागदाचा गोल तुकडा चिकटवलेला असतो, कारण ते चिन्ह उघड मांडणं जर्मनीत गुन्हा आहे. संशोधन आणि शिक्षणाला सूट आहे, पण बाजारातल्या टेबलाला नाही.

एकच पुस्तिका उघडून दाखवते. मालक बव्हेरियातला एक बेकर. पहिल्या पानावर हुद्दा, ओळखबिल्ल्याचा क्रमांक, रक्तगट, गॅस मास्कचं माप. दुसऱ्यावर उंची, चेहऱ्याची ठेवण, केसांचा नि डोळ्यांचा रंग, बुटाची लांबी आणि रुंदी, खाली सही. पुढे पलटणींची नावं, बायकोचा पत्ता, मग कपड्यांचा हिशोब: सदरे किती, पायमोजे किती, कुठल्या तारखेला काय बदलून दिलं. लशींचं पान वेगळं. दवाखान्याचं पान वेगळं, तिथे आजाराच्या नावाऐवजी आकडा. मध्येच उवा मारून घेतल्याचा जांभळा शिक्का. शेवटी बक्षिसं आणि रजा. पहिली काही वर्षं या पुस्तिकेत फोटो नसे. तो युद्ध मध्यावर आल्यावर सक्तीचा झाला, म्हणून बेकरचा फोटो नंतर लावलेला आहे. दोन पितळी रिंगा ठोकलेल्या, आणि गोल शिक्क्याचा एक तुकडा फोटोवर, उरलेला कागदावर.

नकली माल ओळखायला हा शिक्का फार उपयोगी पडतो. फोटो बदलला असेल तर वर्तुळ नीट जुळत नाही. दुसरी खूण तारखांची. १९४१-४२च्या रशियातल्या हिवाळ्याचं पदक जाहीर झालं २६ मे १९४२ला. सैनिक त्याला गोठलेल्या मांसाचं पदक म्हणत. ते एप्रिल १९४२मध्येच मिळाल्याची नोंद दिसली की समजायचं, कुणीतरी घरी बसून पेन चालवलंय. एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या स्वतःच्या सशस्त्र दलाची, पुस्तिका साध्या पायदळाच्या पुस्तिकेपेक्षा कितीतरी महाग विकली जाते, आणि बनावट करणारे सगळ्यात जास्त तिथेच. मी एसएसचं काही घेत नाही. नकलीची भीती हे त्याचं कारण नाही. त्या टेबलाभोवती जी मंडळी घुटमळतात, त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

अक्षर वाचायला शिकावं लागतं. कारकुनांची जुनी वळणदार कुरेंट लिपी आजच्या बहुतेक जर्मनांनाही येत नाही. आपल्या घरात पणजोबांचे मोडीतले कागद पडून असतात आणि घरात ते वाचणारा कुणी नसतो, तशीच इथली गत.

तर बेकरच्या चौथ्या पानावर लिहिलंय: पायदळ रेजिमेंट ७२७. खरं काम इथे सुरू होतं. ही रेजिमेंट ७०७व्या डिव्हिजनची. डिव्हिजन १९४१च्या मे महिन्यात उभी राहिली आणि त्याच वर्षी बेलारूसमध्ये पिछाडीच्या बंदोबस्ताला गेली. त्या शरद ऋतूतला तिथल्या कमांडंटचा एक अहवाल इतिहासकारांना चांगला माहीत आहे. एका महिन्यात कैदी पकडले १०,९४०, त्यांतले गोळ्या घातले १०,४३१. आपले मेले २. हे आकडे लढाईचे नव्हेत हे उघड आहे. मारलेल्यांत मोठा भरणा ज्यू गावकऱ्यांचा होता, आणि त्या हत्यांमध्ये ७२७च्या माणसांचा हात होता.

मग त्या महिन्यांत माझा बेकर काय करत होता? पुस्तिका सांगते की त्याला लस टोचली आणि गरम अंतर्वस्त्रं मिळाली. बस. त्यानं बंदूक चालवली, की तो खंदकामागे पाव भाजत होता, की रजा टाकून सटकला, यातलं काहीही तिथे नाही. असायचंही नाही, कारण त्यासाठी रकानाच छापलेला नव्हता. शिस्तीचं कौतुक करणाऱ्या पाहुण्यांना मी हे पान दाखवते. पायमोज्यांचा हिशोब चोख आहे आणि माणसांचा नाही. शिस्त होती, मान्य. ती कशाला जुंपली होती, तेही बघा ना! फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र मॅनेजमेंटच्या पुस्तकांच्या शेजारी विकणाऱ्या आपल्या शहरांत हे बघायची फारशी कुणाला घाई नसते.

जर्मनीतही ती घाई फार उशिरा झाली. पापं सगळी एसएसची, साधं लष्कर स्वच्छ, ही समजूत कित्येक दशकं टिकली. १९९५मध्ये हॅम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेनं लष्कराच्या गुन्ह्यांचं फिरतं प्रदर्शन काढलं, तेव्हा गावोगावी भांडणं झाली. काही फोटोंखालच्या माहितीच्या ओळी चुकल्याचं निघालं, प्रदर्शन थांबलं, नव्यानं तपासून २००१मध्ये पुन्हा आलं. मूळ मुद्दा तसाच राहिला.

"तुझा काय संबंध?" हाही एक उपप्रश्न असतो. आहे थोडा. १९४२च्या जूनमध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन जर्मनांच्या आणि इटालियनांच्या हाती गेली. आफ्रिकेत पकडलेल्या अशा हिंदी कैद्यांतूनच नेताजींच्या जर्मनीतल्या आझाद हिंद लीजनची भरती झाली. जर्मन लष्करात तिचं नाव ९५०वी पायदळ रेजिमेंट. दुसऱ्या बाजूला माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ला जर्मन मशीनगनचा मोर्चा काबीज करून तिथेच पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या उन्हाळ्यातला इटलीतला शिक्का दिसला की मी पलटण कुठे होती ते आधी बघते.

पलटण शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. रणांगणावर गेलेल्या तुकडीचं नाव गुप्त, शिक्क्यावर नुसता पाच आकडी फेल्डपोस्ट, म्हणजे लष्करी टपालाचा, नंबर. तो कुठल्या तुकडीचा, हे याद्यांतून काढायचं, आणि नंबर मध्येच दुसऱ्याला दिलेला असू शकतो. पुढे गाडी अडते ती पॉट्सडॅमला. १४ एप्रिल १९४५च्या रात्री तिथे बॉम्ब पडले आणि लष्कराच्या दप्तरखान्यातली वैयक्तिक कागदपत्रं मोठ्या प्रमाणात जळून गेली. वाचलं ते बर्लिनच्या जुन्या माहिती कचेरीचं. ती युद्ध सुरू व्हायच्या आठवडाभर आधी स्थापन झाली, आणि २०१९पासून बुंडेसआर्काइव्हचा, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय दप्तरखान्याचा, भाग आहे. बदल्या, जखमा, मृत्यू यांच्या नोंदी तिथे मिळतात. उत्तराची वाट बघायची तयारी मात्र हवी.

बेकर वाचला. १९४४च्या जूनमध्ये बेलारूसमधल्या बोब्रुइस्कजवळ त्याची डिव्हिजन नेस्तनाबूत झाली तेव्हा तो इस्पितळात होता, तारीख आहे. पुस्तिकेच्या मागे घडी करून ठेवलेला अमेरिकनांचा सुटकेचा दाखला आहे, त्यावर अंगठ्याचा ठसा.

कधी कधी एखाद्या सैनिकाचे नातेवाईक मला शोधून काढतात. पानांचे स्कॅन मी त्यांना फुकट पाठवते, आणि सोबत त्या रेजिमेंटबद्दल जे प्रसिद्ध झालंय त्याचं एक टिपण जोडते. ते न जोडता नुसता आजोबांचा फोटो पाठवा, अशी विनंती एका घरानं केली. मी दोन्ही पाठवलं. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही. दुसऱ्या एका घरानं टिपण वाचून बर्लिनला अर्ज केलाय, आणि उत्तर आलं की मलाही कळवणार आहेत.