परत पाठवलेली राख

चाकणजवळच्या एका रेडीमिक्स प्लँटवर, म्हणजे तयार काँक्रीट बनवून साइटवर पाठवणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटी बघते. पुण्यात चढणाऱ्या टॉवरच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जोडीला बऱ्याचदा फ्लाय ॲश असते, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राची राख. फ्लॅट घेणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं. बल्करने, म्हणजे बंद टँकरने येते, फिकट करडी, बोटांना चटकन चिकटणारी.

त्या दिवशीची काळपट होती. ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकली, तर वर काजळीची साय धरली. न जळलेला कोळसा! वीजकेंद्राच्या मिलमध्ये कोळसा जाड दळला गेला, किंवा वीजनिर्मितीचा संच कमी भारावर चालवला की असं होतं. हा कार्बन ॲडमिक्श्चर, म्हणजे काँक्रीट सैल ठेवणारं रसायन, पिऊन टाकतो आणि साइटवर पोचेपर्यंत काँक्रीट आवळून बसतं. तरी रीतसर भट्टी लावली. एक ग्रॅम नमुना, ९०० अंशांच्या आसपास, मग डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा न लागू देणाऱ्या बंद भांड्यात, गार करून वजन. जळून गेलेल्या कोळशाची घट ७ टक्क्यांच्या वर. फ्लाय ॲशच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ३८१२ प्रमाणे, ५ पर्यंत चालते.

रात्री हिंजवडीला स्लॅब होता. मॅनेजर सर म्हणाले, "थोडी थोडी मिसळून संपवू की." मी चलनावर रिजेक्ट मारलं.

ड्रायव्हरकाका तंबाखू मळत उभे होते. "मॅडम, आता ही कुठं उतरवू?"

"जिथनं आणली तिथं."

"तिथं घेतली तरी तळ्यातच जाणार." त्यांचं गाव वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याला लागून; उरलेली राख पाण्याबरोबर तिथेच सोडतात. "उन्हाळ्यात तळं वरनं सुकतं. वारं सुटलं की भाकरी झाकून खावी लागती. ज्वारीच्या पानावर थर बसतो, जनावरं तोंड लावीनात."

मला आकडे पाठ होते, पण ते असे कुणी सांगितले नव्हते. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ७-८ हजार टन कोळसा खातो. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. म्हणजे एका संचामागे रोज दोन हजार टनांहून जास्त, आणि तिच्यात आर्सेनिक, पाऱ्याचे अंश. केंद्र सरकारच्या २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे सगळी राख वापरात आणायची आहे. वापरणारे आम्हीच, आणि आम्ही निवडून घेतो. बारीक, स्वच्छ जळालेली पुण्याला येते. गाळसाळ त्या गावाच्या उशाशी. वीज मात्र आमच्या लिफ्टलाही तीच.

म्हणून ती राख वापरायला हवी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. स्लॅब स्लॅब असतो. त्या रात्रीचं मिक्स राखेशिवाय, नुसत्या ओपीसी म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटवर काढलं. महाग पडलं, आणि सिमेंटसाठी चुनखडी भाजून क्लिंकर करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड वेगळाच.

दुसऱ्या दिवशी सप्लायरला विचारलं, गाडीचं काय केलंत? "झाली की खाली, मॅडम. घेणारे आहेत." कुठे, ते काही सांगेना.

तेव्हापासून रिजेक्ट मारलेली गाडी कुठे खाली झाली ते मी विचारते आणि चलनाच्या समासात लिहिते. त्यासाठी रकाना नाहीच. सप्लायर वैतागतात. सर म्हणतात, हे आपलं काम नव्हे. बहुतेक समास कोरेच आहेत.